एक दाणा तांबं

"जगातलं सगळं पाणी एकच आहे," मुनालुला साहेबांनी हात वर करून जाहीर केलं. "ढगातलं, नदीतलं, तुमच्या-माझ्या अंगातलं. पाण्याला कुळ नाही. पाण्याला वेस नाही. एकाचं पाणी तेच सगळ्यांचं पाणी!"

एवढं बोलून साहेबांच्या घशाला कोरड पडली. पुढे बसलेली बाना कसुबा लगबगीने उठली आणि तिने मगभर पाणी त्यांच्यासमोर धरलं. साहेबांनी मगाकडे पाहिलं, मगातल्या पाण्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर गाडीतून सीलबंद बाटली घेऊन पळत आला. पाण्याचा मग तिच्या हातातच राहिला. एवढ्या लोकांसमोर पाणी ओतून टाकणं बरं दिसेना, म्हणून तिने ते स्वतः पिऊन टाकलं. तहान नव्हती. विषुववृत्ताखालच्या या देशात जून म्हणजे ऐन थंडी, आंब्याखाली बसलेल्या माणसांचे दात थंडीने वाजत होते.

साहेब आले होते ते नवा नियम सांगायला. वरच्या अंगाला तांब्याचा कारखाना होता आणि त्याच्या पाइपातून वापरलेलं पाणी ओढ्यात येत होतं. त्या पाण्यात किती तांबं चालेल याचा आकडा सरकारने खाली आणला होता. कारखान्याचा परवाना आता नव्या आकड्यावर मिळणार होता, नाहीतर मिळणारच नव्हता. आकडा फार बारीक होता आणि गाव आकड्यांच्या बाबतीत फार जाड, असं साहेबांना वाटलं. म्हणून त्यांनी मुखियाच्या घरून मूठभर मका मागवला.

"हे पिंपभर पाणी समजा," टेबलावर हात फिरवत ते म्हणाले. "आजवर एवढ्या पाण्यात पंधरा दाणे तांबं चालत होतं." त्यांनी पंधरा दाणे मोजून मांडले. "आता किती? एक!" आणि चौदा दाणे त्यांनी हाताने असे काही झाडून टाकले, की पहिल्या रांगेतल्या बायकांनी टाळ्याच वाजवल्या.

मुखियाची तांबडी कोंबडी टेबलाखालीच होती. तिने चौदा दाणे टिपले, मान वाकडी करून वर पाहिलं, फडफडत टेबलावर चढली आणि पंधरावाही टिपला.

"हुश!" साहेब म्हणाले. पण तोवर शास्त्र कोंबडीच्या पोटात गेलं होतं.

"आणि याचा परिणाम?" कोट झटकत साहेबांनी शेवट केला. "ग्राही जलप्रवाहात जीवसृष्टीचं पुनरागमन. म्हणजे मासे. मासे परत येतील!"

बाना कसुबाचा नवरा, बाशी कसुबा, मागे मुंग्यांच्या वारुळाला टेकून बसला होता. कारखान्यात दगड फोडायच्या यंत्राजवळ तीन वर्षं उभं राहून त्याचा डावा कान गेलेला. उजवाही आपल्या सवडीने चाले. पाणी, कुळ, दाणे, परवाना यातलं त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. शेवटचे तीन शब्द मात्र बरोबर पोचले.

घरी जाताना त्याने रस्त्यात थांबून विचारलं, "कधी म्हणाला?"

"काय कधी?"

"मासे."

"तारीख नाही दिली," ती म्हणाली. "परवाना मिळाल्यावर येतील."

"माशांना परवाना लागतो?"

"आता सगळ्यांनाच लागतो. चला."

ओढ्याला नाव नव्हतं. सगळे त्याला मुलोन्गा म्हणत, आणि मुलोन्गा म्हणजे ओढाच. सरकारी कागदात त्याला 'ग्राही जलप्रवाह' म्हणतात, त्यामुळे साहेब भलत्याच कुठल्या नदीबद्दल बोलत होते अशी अर्ध्या गावाची समजूत होती. ओढ्याचा झरा पूर्वी जिथे होता तिथे आता कारखान्याचं आवार होतं. पावसाळ्यात मुलोन्गा आपल्या जिवावर वाहायचा. एरवी त्यात जे वाहायचं ते पाइपातून आलेलंच. ते पांढुरकं असे. तांबं खाली बसावं म्हणून कारखाना त्यात चुना टाकी. काठच्या दगडांवर पांढरा थर चढलेला, बादल्यांना आतून पांढरी कड आलेली, बाना कसुबाच्या टाचांच्या भेगासुद्धा पांढऱ्या. पाइपाशी कारखान्याने पाटी लावली होती: 'हे पाणी कोणत्याही कामासाठी वापरू नये.' पाटी मजबूत होती. बाना कसुबा तिच्यावर कमरेला गुंडाळायचे चितेंगे धुऊन वाळत घाली.

तिचे सात वाफे ओढ्याला लागून होते. चारात कोबी, दोनात टोमॅटो, एकात कांदा. तिथली माती आंबट, आणि आंबट मातीला ते चुन्याचं पाणी भलतंच मानवलं होतं. कोबी असा धरायचा की शहरातल्या बाजारात बायका तो डोक्याशी लावून मापायच्या. ज्याच्या नावाने ती बाना म्हणजे आई आणि नवरा बाशी म्हणजे बाप झाला, तो मुलगा कसुबा सोल्वेझीच्या खाणीवर होता. तो वर्षाला एकदा फोन करायचा, तोही मिस्ड कॉल देऊन, तिच्याच फोनचे पैसे उडवून. घर चालायचं ते सात वाफ्यांवर. पहाटे धुकं असताना ती ओढ्यात उतरे. दोन हातांत दोन झाऱ्या. चौदा पावलं वर, चौदा खाली. एका वाफ्याला बारा फेऱ्या. पाठ सरळ करायची ती सातव्या वाफ्यानंतरच, कारण मध्येच सरळ केली तर परत वाकायला तयार होत नसे.

बाशी कसुबा काठावर बसून मासे धरायची वेताची सापळी विणत असे. तोंडाशी रुंद, आत अरुंद, मासा जातो पण परत फिरत नाही. मुलोन्ग्यातला मासा संपून सव्वीस वर्षं झाली होती. तो मात्र दर थंडीत एक सापळी विणायचा. घराच्या आढ्याला अशा सव्वीस सापळ्या टांगल्या होत्या, आणि त्यात मासे सोडून बाकी सगळं होतं: कांदे, भोपळ्याचं बी, एका सापळीत दर वर्षी नेमाने अंडी घालणारी कोंबडी.

"लोकांचे नवरे दारू पितात," बाना कसुबा शेजारणीला सांगायची. "माझा विणतो. दारूला निदान पावसाळ्यात सुट्टी असते."

पण ती सापळी मोडून चुलीत घालत नसे, हेही खरं.

मुलोन्ग्यात तेव्हा मिंतेसा असायचा. वीतभर मासा, पुढे हत्तीच्या पिल्लासारखं मऊ नाक. खवले बारीक, मांस लोण्यासारखं, कांद्याबरोबर शिजवला की हाडसुद्धा जिभेवर वाकायचं. लग्नाआधी बाशी कसुबा रीतीप्रमाणे तिच्या वडिलांच्या शेतावर राबायला आला होता. होणाऱ्या सासूशी बोलायचं नाही, तिच्या वाटेला जायचं नाही, तिच्या देखत खायचं नाही, असा नियम. म्हणून तो रोज पहाटे बोरूच्या काडीत ओवलेले मिंतेसा वाटेवरच्या खुंटाला अडकवून जायचा. तिची आई काडी उचलायची आणि झाडांना ऐकवायची, "कुणाची तरी काडी राहिली बाई इथे." झाडं काही बोलत नसत. चुलीवर पातेलं चढे, आणि आत बसलेली मुलगी गालात हसे.

ती मुलगी आता अठ्ठावन्न वर्षांची होती. ओढ्यातले मासे संपल्यावर तिने शहरातून आणलेला बर्फातला मिंतेसा एकदा खाल्ला होता. त्याला बर्फाची चव होती.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पाण्याचा नमुना घ्यायला कपाम्ब्वे येई. सरकारी मोटारसायकल, मागे दोरीने बांधलेला बर्फाचा निळा डबा, डब्यात बाटल्या. पोरगा पंचवीस-सव्वीसचा, सडपातळ, आणि कुळाने मगर. बाना कसुबा मासा कुळातली. मगर आणि मासा ही थट्टेची कुळं. एकाने दुसऱ्याला भर चौकात काहीही बोलावं, हातातलं काहीही मागावं. दुसऱ्याने रागवायचं नाही आणि मागितलेलं नाकारायचं नाही. एक मेला तर पुरायला दुसऱ्याने यायचं, तेही शिव्या देत. ही रीत सरकारपेक्षा जुनी, आणि अजून तिची मुदत संपलेली नाही.

"मेलीस का गं मासळे?" लांबूनच तो ओरडायचा.

"तुला पुरल्याशिवाय कशी मरू? पण खड्डा मोठा लागेल, तोंड केवढं आहे!"

"राजाचं कुळ आहे आमचं. नीट बोल."

"राजाच्या कुळातला आणि ओढ्याचं पाणी बाटलीत भरत हिंडतोस? राजाला कळलं तर रडेल बिचारा."

कपाम्ब्वे हातमोजे घाली, बाटली पाण्यात तीनदा विसळी, भरी, आणि मग एका छोट्या कुपीतून तिच्यात आम्लाचे चार थेंब सोडी. दर महिन्याला ती हेच विचारी.

"चांगल्या पाण्यात आधी विष घालायचं आणि मग शहरात जाऊन विचारायचं, पाण्यात काय बिघडलं!"

"तांबं बाटलीला चिकटू नये म्हणून गं."

"माझ्या कोबीला चिकटलंय का ते बघ एकदा."

"ते बघायचा माझ्याकडे फॉर्म नाही," तो म्हणाला. आणि जाताना एक कोबी उचलून घेऊन गेला. थट्टेच्या कुळाला नाही म्हणता येत नाही.

ऑगस्टच्या फेरीला मात्र त्याने थट्टा लवकर आवरली. बाटली डब्यात ठेवून तो काठावर बसला.

"तेरा दाणे," तो म्हणाला. "गेल्या वेळी बारा होते. एकावर यायला त्यांना मोठं यंत्र बसवावं लागेल. बसवणार नाहीत असं दिसतंय."

"मग परवाना?"

"परवाना पाणी सोडण्याचा असतो, मासळे. सोडलंच नाही तर परवाना कसला?"

तिला ते तेव्हा नीट कळलं नाही. तिला वाटलं, मगरीला काहीतरी विनोद सुचतोय आणि जमत नाहीये.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, ती पहाटे झाऱ्या घेऊन उतरली आणि पाऊल पाण्याऐवजी चिखलात पडलं. दगड वर आले होते, पांढरे, दातांसारखे. पाइपाच्या तोंडाला लोखंडी झाकण बोल्टांनी आवळलेलं होतं. जुनी पाटी काढून तिथे नवी लावली होती. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवली: 'आम्हाला अभिमान आहे. या कारखान्यातून एक थेंबही बाहेर जात नाही.'

कारखान्याने सगळं पाणी आतल्या आत तळ्यात फिरवायला सुरुवात केली होती. कोंबडीने केलं तेच. एक दाणा ठेवायला सांगितला होता, त्यांनी तोही ठेवला नाही.

तीन दिवसांत डबकी आटली. पाचव्या दिवशी कोबीची बाहेरची पानं भिजलेल्या कागदासारखी लोंबली. सहाव्या दिवशी बाना कसुबाने स्वच्छ चितेंगे नेसला, नवऱ्याला कोट घातला, आणि दोघं पाच मैल चालून कारखान्याच्या फाटकाशी गेली.

फाटकावरच्या शिपायाने वही उघडली. "भेटीचं कारण?"

"पाणी," ती म्हणाली.

"तक्रार?"

"तक्रार नाही. मागणी."

"मागणीचा रकाना नाही. तक्रार लिहितो." त्याने लिहिलं. मग त्यांच्या पायांकडे बोट केलं. चालून चालून पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरले होते. "असं आत जाता येणार नाही. बाहेरची घाण आत आणायची नाही, नियम आहे."

त्याने भिंतीवरची नळी काढली आणि पाण्याची धार दोघांच्या पायांवर सोडली. आधी तिच्या, मग त्याच्या. जोराची धार, थंडगार. माती धुतली गेली, टाचांच्या भेगांतला चुनासुद्धा सुटला, तरी शिपाई थांबेना. मनापासून काम करणारा माणूस होता. बाना कसुबा एका हाताने चितेंगे वर धरून उभी राहिली आणि सिमेंटवरून गटाराकडे पळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. एक वाफा, तिने मनात म्हटलं. दोन वाफे. बाशी कसुबाने पाय उचलला तेव्हा तिसऱ्यालाही झालं असतं.

मग दोघांना डोक्यावर टोप्या मिळाल्या. बाशी कसुबाची नाकापर्यंत आली. आतल्या खोलीत नामुकोंडा बाई नावाची तरुण अधिकारी होती, गोड बोलणारी. तिने चहा दिला, पाव दिला. बाशी कसुबाने पाव कोटाच्या खिशात ठेवला.

"आई, तुमच्यासाठीच केलंय हे सगळं," बाई म्हणाली आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला. रेघ उंचावरून येत येत एकदम खाली आपटली होती. "शून्य. देशात फार थोड्या ठिकाणी आहे असं."

"छान आहे," बाना कसुबा म्हणाली. "थोडं सोडता का?"

"काय?"

"पाणी. पहाटे एक तास. सात वाफे आहेत."

"पण आई, ते घाण आहे!"

"मग स्वच्छ करून सोडा."

"स्वच्छ करायचं यंत्र फार महाग आहे."

"मग घाणच सोडा. आम्हाला सवय आहे."

"तो आता गुन्हा होईल, आई." बाईच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "मला तुरुंगात जावं लागेल."

बाना कसुबाने थोडा विचार केला. पोरीला आई असणार, ती कुठेतरी वाट बघत असणार. वाफ्यांसाठी कुणाच्या लेकीला तुरुंगात घालणं बरं नव्हे. तिने चहा संपवला. निघताना बाशी कसुबाने टोपी वर सरकवून बाईंना विचारलं, "मासे कधी सोडणार?"

"कसले मासे, बाबा?"

"चला," बाना कसुबा म्हणाली.

वाटेत त्याने खिशातला पाव काढून अर्धा तिला दिला. दोघांनी तो चालता चालता खाल्ला. पाय इतके स्वच्छ होते की खडे टोचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, आढ्याची कुदळ काढली आणि ओढ्याच्या पात्रात उतरला. वळणाशी जिथे बोरू अजून हिरवे होते, तिथे त्याने पाय आपटून पाहिला, आणि खणायला लागला. ती वाफ्यावरून बघत होती.

"काय शोधताय?"

"झरा कारखान्याखाली गेलाय. मेला नाहीये."

"कशावरून?"

"बोरूवरून," तो म्हणाला.

तिनेही चितेंगे गुडघ्यावर खोचला. तो खणे, ती टोपल्याने रेती वर टाके. वरची हातभर रेती पांढरी, चुन्याने घट्ट धरलेली, कुदळ मारली की ठिणगी उडे. तिच्याखाली तांबडी माती. ऊन चढलं की दोघं खड्ड्याच्या सावलीत बसत. खड्डा सावली देण्याइतका खोल झाला याचं दोघांना बरं वाटे. तिसऱ्या दिवशी त्याच्या तळव्यांचे फोड फुटले, तिने चिंध्या बांधल्या. काठावरून जाणारे येणारे बोलत.

"बाशी कसुबा, आधी कोण जाणार आत? तू की ती?"

"रुंदी पुरेल का दोघांना?"

"तू मध्ये झोपलास तर नाही पुरणार," बाना कसुबा खालून म्हणायची. तिचं डोकं दिसत नसे, आवाज येई.

चौथ्या दिवशी दुपारी कुदळीचा आवाज बदलला. कोरडा होता तो जड झाला. रेती काळी पडली, मग चमकली. बाशी कसुबा गुडघ्यांवर बसला आणि हाताने उकरायला लागला. ओंजळीएवढं पाणी गोळा झालं, तांबूस, गढूळ. दोघं बघत बसली. तासाभराने ते निवळलं. त्यात चुना नव्हता. तळाची रेती दाण्यादाण्याने दिसत होती.

तिने बोट बुडवून चाटलं आणि दुसऱ्या बाजूला तोंड केलं. ही चव तिला माहीत होती. याच पाण्यातला मासा तिची आई शिजवायची.

पाणी तासाला बादलीभर येई, जास्त नाही. सातातले तीन वाफे जगणार होते. कुठले मरू द्यायचे ते तिला ठरवायचं होतं. तिने टोमॅटो आधी सोडले; त्यांचा तिला फारसा लळा नव्हता. मग दोन कोबीचे. त्या दोन वाफ्यांवरून जाताना ती भराभरा चाले, उधारी असलेल्या माणसाच्या दारावरून जातात तशी.

संध्याकाळी पाणी काढून झालं की बाशी कसुबा त्या वर्षीची, सत्ताविसावी सापळी खड्ड्यात सोडी. सकाळी काढी, उलटी करी, झटके. रेती पडे.

"त्या खड्ड्यात मासा आभाळातून पडणार आहे का?" एके दिवशी ती ओरडली. रात्रभर तिची पाठ ठणकत होती. "चार फूट रुंद खड्डा आहे तो! बादली आपटते तुमच्या सापळीला!"

"पाणी तेच आहे," तो म्हणाला.

"पाणी तेच आहे. आपण ते नाही."

त्याला ते ऐकू आलं नाही, किंवा उजव्या कानाने ठरवून ऐकलं नाही. दुसऱ्या सकाळी सापळी कडेला, बादलीच्या वाटेतून बाजूला बांधलेली होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी कपाम्ब्वे आला, झाकण लावलेल्या पाइपासमोर बाटली धरून उभा राहिला.

"काय रे राजा," ती खड्ड्यातून म्हणाली. "भरत नाही का?"

"नमुना नाही घेतला तर मी आलोच नाही असं धरतात गं. 'पाणी नाही' असा रकानाच नाहीये."

"इथे मागणीला रकाना नाही, पाण्याला रकाना नाही. मग असतं काय त्या कागदावर?"

"सही," तो म्हणाला. तो खड्ड्याच्या काठाशी येऊन बसला. खाली पाहिलं, आणि थट्टा विसरला. "हे कुठलं पाणी?"

"मासळीचं. मगरींना मनाई आहे."

"मासळे, अर्धा लिटर दे."

मागितलं होतं, तेही डबा उघडून. तासभर थांबून साठलेल्या बादलीतून तिने बाटली भरून दिली. त्याने चार थेंब टाकले, झाकण लावलं, आणि चिठ्ठीवर बराच वेळ काय लिहावं ते न कळून शेवटी 'ओढा' एवढंच लिहिलं.

ऑक्टोबर संपता संपता परवान्याची जाहीर सुनावणी लागली. तोच आंबा, तेच टेबल. आता झाडाला बोटाएवढ्या कैऱ्या होत्या आणि माणसं गर्मीने फणफणली होती. साहेबांसाठी मुखियाने जेवण केलं होतं. रस्सा उत्तम झाला होता. तांबडी कोंबडी कुठे दिसत नव्हती. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं.

कपाम्ब्वे डबा घेऊन टेबलाच्या कडेला उभा होता. बाना कसुबा जवळून गेली तेव्हा तो वाकून पुटपुटला, "आला तुझ्या खड्ड्याचा आकडा. अर्धा दाणासुद्धा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मासा जगेल त्यात. पण येणार कुठून? काफुए नदीपर्यंत चार कोस कोरडं आहे."

बाशी कसुबा तिच्या उजवीकडून चालत होता. त्याचा चांगला कान टेबलाकडे होता.

मुनालुला साहेब उठले. ग्राही जलप्रवाहातील तांब्याचं प्रमाण शून्यावर आलेलं आहे, हे त्यांनी दोन भाषांत सांगितलं. नियम यशस्वी झाला होता. टाळ्या थोड्या कमी पडल्या, पण ऊन फार होतं. "कारखान्याला आता पाणी सोडण्याच्या परवान्याची गरज उरलेली नाही, सबब तो परवाना बंद करण्यात येत आहे. कुणाची हरकत? सूचना? सगळं नोंदवलं जाईल."

बाना कसुबा उभी राहिली. आठवडाभर तिने वाक्यं पाठ केली होती, वाफ्यांना ऐकवून दाखवली होती.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात पंधराचा एक करा. बरोबर केलंत. तुम्ही एक म्हणालात, शून्य नाही म्हणालात. एका दाण्याचं पाणी आमच्या हक्काचं आहे. झरा आमचा होता, तो त्यांच्या अंगणाखाली आहे. त्यांना सांगा, पाणी धुवा आणि परत द्या."

मागून कुणीतरी हळूच "खरंय" म्हणालं. नामुकोंडा बाईने मान खाली घातली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. ते वाईट माणूस नव्हते.

"आई, तुमचं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "पण पाण्यात काय नसावं, एवढंच हा कायदा सांगतो. पाणी असावं, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही."

ती उभीच राहिली. आणखी दोन वाक्यं पाठ होती, पण त्या उत्तरापुढे ती कुठे बसत नव्हती. ज्या ओढ्यासाठी एवढे कागद झाले, तो ओढा एकाही कागदात नव्हता. तिला खुंटाला अडकवलेली बोरूची काडी दिसली, पहाटेचं पाणी गळणारी, आणि झाडांशी बोलणारी आई. ती खाली बसली.

"नोंदवलं," साहेब म्हणाले. "आणखी कुणी?"

तिच्या शेजारी बाशी कसुबा उठला. त्याने टोपी काढून छातीशी धरली. अख्ख्या गावाने त्याला सभेत बोलताना कधी पाहिलं नव्हतं; सव्वीस सापळ्यांचा माणूस आता काय बोलणार म्हणून पोरंसुद्धा पुढे सरकली. साहेबांनी लेखणी उचलली. बाना कसुबाने त्याचा कोट मागून ओढला, मग सोडून दिला.

तो साहेबांकडे बघतच नव्हता. तो कपाम्ब्वेकडे बघत होता.

"मगरीच्या," तो म्हणाला, "येताना काफुएच्या पुलावरून येतोस ना? पुढल्या वेळी त्या डब्यात बर्फ नको घालूस, पाणी घाल. आणि दोन मिंतेसा घेऊन ये. जिवंत. तुझी खायची सवय मला माहीत आहे, पण वाटेत हात लावू नकोस."

कपाम्ब्वेने डब्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मासळीच्या नवऱ्याने मागितलं होतं, म्हणजे मासळीनेच, तेही चार माणसांत.

"सरकारी डबा आहे, बाबा," तो म्हणाला.

"धुऊन परत देईन," बाशी कसुबा म्हणाला.